बारकीचं बी

५ ऑगस्ट

आत्या,

साष्टांग नमस्कार. (तो आईने लिहायला लावलाय. माझ्याकडून नुसतं "काय गं आत्या" असं समज.)

तुझं खोकं बसच्या ड्रायव्हरकाकांनी नीट आणून दिलं. पण त्यांनी ते मागच्या दारी न देता आईच्या दवाखान्याच्या दारात दिलं, आणि मला कुठला धीर! मी तिथेच उघडलं. आई तेव्हा एका म्हाताऱ्या बाईंच्या कवळीचं माप घेत होती. खोक्यात नुसत्या काड्या आणि पानं. आजोबा म्हणाले, "माझी लेक लहानपणापासून अशीच आहे. भाडं भरून कुणी कचरा पाठवतं का?" आणि ते खोकं केराच्या डब्याकडे घेऊन निघाले. तेवढ्यात एक काडी चालायला लागली. त्या बाई खुर्चीतूनच ओरडल्या, पण तोंडात मापाचा लगदा असल्यामुळे काय ओरडल्या ते कळलं नाही. माप मात्र परत घ्यावं लागलं.

काडीचं नाव मी बारकी ठेवलंय.

आता महत्त्वाचं. आईने एक कागद लिहून फ्रिजवर चिकटवलाय. शब्दशः उतरवते: "एकच. एकावर दुसरा कोणताही किडा, प्राणी अथवा त्याचं पिल्लू या घरात दिसलं, तर मोठ्या सुट्टीत आत्याकडे जाणं रद्द." खाली तिची सही आणि दवाखान्याचा शिक्का आहे. तू मागे पाठवलेली बेडकाची पिल्लं दवाखान्याच्या बेसिनमध्ये सापडली होती ना, तेव्हापासून ती शिक्का मारायला लागली आहे.

आत्या, मला महिनाभर तुझ्याकडे राहायचंय. तुझी किड्यांची खोली बघायचीये. दोन वर्षं मी याच्यावर जगतेय. तेव्हा कृपा करून आता काही म्हणजे काही पाठवू नकोस. मुंगीसुद्धा नको.

बारकी काय खाते? ती उभ्या उभ्या झोके का घेते? फोनवर विचारता येत नाही, कारण फोन दवाखान्यात आहे आणि आईला सगळं ऐकू येतं.

तुझी भिंगरी

१४ ऑगस्ट

लाडक्या भिंगरीस,

बारकी गुलाबाची पानं खाईल. फवारा मारलेली नकोत, आणि धुऊन दे. रोज थोडं पाणी शिंपड, ती थेंब पिते. झोके घेते कारण वाऱ्यात काडी हलते तशी ती हलते. स्थिर राहिली तर पक्ष्याला संशय येईल. तुमच्या घरात वारा नाही आणि पक्षीही नाही, हे तिला कोण सांगणार? पाय धरून ओढू नकोस. ती पाय तुझ्या हातात सोडून निघून जाईल. लहान वयात तुटलेला पाय पुढच्या काती टाकताना हळूहळू परत येतो, पण बारकी आता मोठी आहे, तिचा येणार नाही.

कात टाकणं हा मोठा कठीण प्रसंग असतो. उलटं लटकायचं आणि जुन्या कातडीतून सहाच्या सहा पाय सोडवून घ्यायचे. हवा कोरडी असली की पाय अडकतात. सोडवायला फार बारीक हत्यार आणि न थरथरणारा हात लागतो. माझा थरथरतो. मी अशा कितीतरी गमावल्यात.

ती एकटी आहे म्हणून हळहळू नकोस. तिला एकटीला छान करमतं.

मी पंचवीस तारखेला जंगलाच्या पाहणीला निघतेय, चार महिने. तिथे टपाल येत नाही. पत्रं संग्रहालयाच्याच पत्त्यावर टाक. अगदीच निकड असली तर आमचे पहारेकरीकाका उत्तर देतील. सज्जन माणूस आहे.

आईचा राग अजून आहे म्हणायचा. बेडकाच्या पिल्लांचं मी काय करू? सॉरी म्हणायला बरणीभर गांडुळं पाठवली होती की.

आत्या

१२ सप्टेंबर

प्रिय आत्या किंवा पहारेकरीकाका,

निकड आहे. बारकीच्या खोक्यात बिया पडायला लागल्यात. रोज पाच-सहा. तपकिरी, तिळाहून जरा मोठ्या, एका टोकाला पिवळसर टोपी. मी तिला गुलाबाची पानं देते, फुलं-फळं नाही, मग बी आलं कुठून? एक दाणा पाकिटात घातलाय.

ही अंडी तर नाहीत ना? असली तर मी मेले.

भिंगरी

२० सप्टेंबर

चि. भिंगरीस आशीर्वाद.

मी येथील पहारेकरी. बाई जंगलात गेल्या आहेत. जाताना किल्ल्यांचा जुडगा, एक छत्री व तुझा पत्रव्यवहार माझ्या ताब्यात देऊन गेल्या. पैकी छत्री हरवली, बाकी सर्व ठीक.

तू घाबरू नये. मी या संग्रहालयात सव्वीस वर्षे आहे व येथील प्रत्येक पाटी वाचलेली आहे. तुझा दाणा घेऊन मी बियांच्या दालनात गेलो. तिसऱ्या कपाटात, खालून दुसऱ्या खणात, हुबेहूब असाच दाणा आहे. टोपीसकट. पाटी उन्हाने पुसट झाल्याने नाव वाचता आले नाही. परंतु दाणा ज्या अर्थी बियांच्या दालनात आहे, त्या अर्थी तो बी आहे, हे कोणीही कबूल करील.

अंडी असणे शक्य नाही. बाई म्हणाल्या होत्या की ती मादी आहे व एकटी आहे. नर नाही तेथे पोरेबाळे नाहीत. यासाठी संग्रहालयात नोकरी करावी लागत नाही.

पानांत बी कोठून आले, हा तुझा प्रश्न चांगला आहे. चांगल्या प्रश्नांची उत्तरे बाई देतात.

माझे मत विचारशील तर बिया फेकू नयेत. बोटाच्या पेराएवढ्या मातीत पेराव्यात, ओल राखावी, ऊन कोवळे असावे. काय उगवते ते अवश्य कळवावे.

तुझा,
पहारेकरी

३ ऑक्टोबर

प्रिय पहारेकरीकाका,

तुमचं पत्र वाचून जिवात जीव आला. आजोबांना तर आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. रिटायर झाल्यापासून त्यांना कुणी काही पेरायला सांगितलं नव्हतं. आम्ही एकशे अठरा बिया तीन कुंड्यांमध्ये पेरल्या. कोवळं ऊन फक्त दवाखान्यात पेशंट बसतात त्या खोलीत येतं, म्हणून कुंड्या तिथल्या खिडकीत ठेवल्यात, गुलाबाच्या कुंड्यांशेजारी.

आई म्हणाली, "अरे वा, किड्यांचा नाद सुटून झाडांचा लागला वाटतं." आणि तिने मला जवळ घेतलं. मला जरासं कसंतरीच झालं, पण बरंही वाटलं.

भिंगरी

२८ डिसेंबर

भिंगरी,

आज सकाळी परत आले. तुमची पत्रं टेबलावर रचून ठेवलेली. वाचता वाचता उभीची बसले.

कुंड्यांना पाणी घालणं ताबडतोब थांबवा!

बाळा, ती अंडी आहेत. चूक माझी. बारकीच्या जातीत नर जवळजवळ नसतातच. मादीला कुणाची गरज लागत नाही; ती एकटीच अंडी घालते, आणि त्यांतून पुन्हा माद्याच निघतात, हुबेहूब आईसारख्या. मला हे इतकं पाठ आहे की सांगायचंच राहून गेलं. सकाळी उठल्यावर सूर्य उगवला हे तुला कुणी सांगतं का?

अंडी बियांसारखी दिसतात त्यालाही कारण आहे. काडीकिड्यांच्या काही जातींत मुंग्या त्या टोपीला भुलून अंडी बी समजून वारुळात ओढून नेतात, आणि तिथे ती सुरक्षित राहतात. म्हणजे लाखो वर्षांपासून जगातल्या हुशार मुंग्या फसत आल्यात. आमचे पहारेकरीकाका पहिले नव्हेत.

आणि बियांच्या दालनातला तो दाणा मीच ठेवला होता, बारा वर्षांपूर्वी. मुलांची गंमत करायला. पाटीवर लिहिलं होतं, "हे बी नाही."

काकांना मी हे सांगितलं. ते तेव्हापासून फाटकाशी पाठमोरे उभे आहेत.

आत्या

४ जानेवारी

आत्या,

उशीर झाला. तुझं पत्र आलं काल आणि त्या आल्या परवा.

शाळेतून आले तर बसायच्या खोलीच्या पडद्यावर हिरवट-तपकिरी धागे वर वर चालले होते. सगळ्यांना वरच जायचं असतं का गं? एका पेशंटने विचारलं, "हे काय हलतंय?" आजोबा म्हणाले, "पडदा जुना झालाय, उसवतोय." त्यांनी इतक्या सहज थाप मारली की मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. मग आम्ही दोघांनी स्टुलावर चढून एकेक गोळा केली. एक्क्याण्णव भरल्या. पंधरा बरण्यांमध्ये घालून माझ्या पलंगाखाली ठेवल्यात. प्रत्येकीला नंबर दिलाय, पण खरं सांगायचं तर रोज सकाळी नंबर बदलतात, कारण सगळ्या सारख्याच दिसतात. बाबांनी पलंगाखाली पाहिलं, "मला यातलं काही माहीत नाही" असं म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला.

मी एक विचार केलाय. तू म्हणतेस की त्या हुबेहूब बारकीसारख्याच आहेत. मग ती बारकीच झाली ना? म्हणजे घरात अजून एकच किडा आहे, फक्त एक्क्याण्णव वेळा जास्त. आईला हे पटेल का?

सुट्टीला अजून तीन महिने आहेत. मला रडू येतंय.

भिंगरी

१२ जानेवारी

भिंगरी,

युक्तिवाद उत्तम आहे. पण तुझी आई दातांची डॉक्टर आहे. बत्तीस दात कितीही सारखे दिसोत, ती बत्तीसच मोजणार.

मी खरं म्हणजे तुला सांगायला हवं की जा आणि आईजवळ कबूल कर. पण मलाही तू यायला हवी आहेस, आणि तुझ्या आईसमोर माझी बोबडी वळते. म्हणून एक करू. पहारेकरीकाका एकतीस तारखेला येतील, पेशंट म्हणून. तू शाळेतून आलीस की मागच्या दाराने बरण्या त्यांच्या पिशवीत भर. ते म्हणतात, ही जबाबदारी त्यांचीच आहे, आणि प्रायश्चित्त म्हणून ते पायीसुद्धा येतील. मी बसचं तिकीट काढलंय.

तोवर पानं रोज बदल आणि पाणी शिंपडायला विसरू नकोस.

आत्या

३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

झालेल्या प्रकाराचा खुलासा करणे मला भाग आहे, कारण तू मागच्या दारी ताटकळत होतीस व मी दिसलो नाही.

मी ठरल्याप्रमाणे दाढ दुखते असे सांगून बसलो. माझी दाढ दुखत नव्हती. तू येईपर्यंत माझा नंबर लागू नये म्हणून मी तीन पेशंटांना माझ्या पुढे जाऊ दिले. त्यामुळे डॉक्टरीणबाईंना मी फार घाबरलेला वाटलो, व त्यांनी स्वतः हाताला धरून आत नेले. आत तोंड उघडावे लागले. आत त्यांना तीन दाढा किडलेल्या सापडल्या. मी सव्वीस वर्षे पहारा करतो आहे, परंतु माझ्याच तोंडात काय चालले आहे याचा मला पत्ता नव्हता.

एक दाढ काढली. दुखले नाही, हे मुद्दाम लिहितो. बाहेर आलो तेव्हा अर्धे तोंड बधिर होते व पिशवीत तुझ्या आजोबांनी घाईघाईने घातलेल्या चारच बरण्या होत्या. मी आणखी हव्यात अशा खुणा केल्या. त्या पाहून डॉक्टरीणबाईंनी मला आणखी कापूस दिला.

चार बरण्यांतली पंचवीसही पिल्ले सुखरूप पोचली. उरलेल्या दोन दाढांसाठी मला पुन्हा बोलावले आहे. तेव्हा उरलेले नेईन, परंतु तारीख एप्रिलची आहे.

मला क्षमा कर. पाटी पुसट असेल तर ती वाचलेली नाही असे समजावे, हे मी आता वहीत लिहून ठेवले आहे.

तुझा,
पहारेकरी

२० फेब्रुवारी

आत्या,

सगळं संपलं. नीट सांगते.

आज दुपारी शाळेतून आले आणि पलंगाखाली वाकले. सोळा नंबरची उलटी लटकलेली होती, कात टाकत. अर्धी बाहेर आली होती आणि मागचे दोन्ही पाय आत अडकले होते. कालपासून मी पाणी शिंपडायला विसरले होते, परीक्षा होती ना. ती जोर लावायची, थांबायची, परत जोर लावायची. मी फवारा मारला. काही उपयोग झाला नाही. आजोबा म्हणाले, माझ्या हाताला कंप आहे. माझा हात तर तुझ्याहून वाईट थरथरत होता.

या घरात न थरथरणारा हात एकच आहे.

मी बरणी घेऊन दवाखान्याच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. पुन्हा गेले. फ्रिजवरचा कागद दिसत होता. मग बरणीत बघितलं तर ती जोर लावायची थांबली होती, आणि मी आतच घुसले. आईसमोर बरणी धरली आणि म्हटलं, "ही बारकी नाही. ही दुसरी आहे. अजून पासष्ट आहेत. पण आधी हिला सोडव."

खुर्चीत एक गृहस्थ आ करून बसले होते. आई त्यांना म्हणाली, "तोंड असंच ठेवा." मग तिने डोळ्यांवर भिंग चढवलं, दिवा ओढला आणि सगळ्यात बारीक हत्याराने, कोमट पाण्याच्या एकेका थेंबाने ती कात भिजवत सोडवायला लागली. अकरा मिनिटं लागली. मी घड्याळाकडेच बघत होते, दुसरीकडे बघवत नव्हतं. एक पाय तुटला. दुसरा सुटला. मग सोळा नंबरची आईच्या हातमोज्यावर चढून बसली आणि झोके घ्यायला लागली. त्या गृहस्थांनी आ केलेल्या तोंडानेच टाळ्या वाजवल्या.

आईने तिला परत बरणीत सोडलं, हातमोजे बदलले आणि त्यांच्या दाताकडे वळली.

जेवताना मी सगळं सांगितलं. बियांचं, पडद्याचं, बरण्यांचं, पहारेकरीकाकांचंसुद्धा. ती ऐकून म्हणाली, "कागदावर काय लिहिलंय?" मी म्हटलं, "रद्द." ती म्हणाली, "मग रद्द."

म्हणून मी सुट्टीत येत नाही. मला वाईट वाटतंय, खूप. पण सोळा नंबरची पानं खातेय.

भिंगरी

२२ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार. दोन पेशंटांच्या मध्ये लिहितेय, त्यामुळे गोड शब्द घालायला वेळ नाही.

भिंगरी तुम्हाला एक्क्याण्णव सांगत असेल. त्र्याण्णव होत्या. दोन माझ्या दिव्याच्या दांड्यावर चढून बसल्या होत्या, जानेवारीच्या दोन तारखेला. त्या मी औषधांच्या कपाटात, उकळून घेतलेल्या बरणीत वाढवल्या. चौथ्यांदा कात टाकून झाली. मोजमापं लिहून ठेवलीत, हवी असल्यास पाठवीन.

म्हणजे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मामंजींना थापा मारता येतात असं त्यांना वाटतं, तर वाटू दे. तुमचे पहारेकरी आले तेव्हा त्यांच्या पिशवीतल्या बरण्यांची झाकणं मीच परत नीट लावली. भोकं अपुरी होती. मी दीड महिना वाट पाहत होते की पोर स्वतः येऊन सांगते का. आली. हातात बरणी घेऊन, सुट्टीवर पाणी सोडून आली. त्या रात्री मी न्हाणीघरात जाऊन रडले, हे तिला सांगू नका.

तुम्हाला वाटतं मला किड्यांचा राग आहे. वन्सं, मी दिवसभर लोकांच्या किडलेल्या दाढांमध्ये असते, मला कसला आलाय राग! चार वर्षांत तुम्ही या घरी रेशमाचे किडे पाठवलेत, बेडकाची पिल्लं, गांडुळं, आणि आता ही. खोक्यामागून खोकी आली. तुम्ही एकदाही आला नाहीत. मामंजी दर खोक्याच्या वेळी "कचरा पाठवते" म्हणतात आणि मग ते रिकामं खोकं नीट घडी घालून स्वतःच्या कपाटात ठेवतात. भिंगरी तुमच्यासारखी व्हायला निघालीये, आणि मला भीती वाटते ती एवढीच, की ती सगळीच तुमच्यासारखी होईल आणि पुढे मलाही खोकीच येतील.

कागदावर सही केलीये, ती मोडणार नाही. भिंगरी सुट्टीत तुमच्याकडे येणार नाही.

तुम्ही इकडे या. महिनाभर. वरची खोली रिकामी केली आहे. बारकीसकट एकोणसत्तर तोंडांचं खाणंपिणं आणि दवाखाना, मला दोन्ही झेपत नाही.

तुमची भावजय

१ मार्च

भिंगरी,

तुझं आणि तुझ्या आईचं पत्र एकाच दिवशी आलं. आईचं चार वेळा वाचलं. पहारेकरीकाकांनी विचारलं, काय झालं बाई, डोळ्यांत काय गेलं? मी म्हटलं, काही नाही, तुम्ही फाटक बघा.

आजोबांच्या कपाटाचं मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, त्यांना काड्या-किड्यांत रस नाही, म्हणून मी यायचं टाळत गेले. आणि मग चार वर्षं झाली की कुठल्या तोंडाने जायचं हेच कळेनासं होतं. खोकं पाठवणं सोपं असतं.

सोळा नंबरचा पाय येईल. पुढच्या कातीला जरा खुरटा येईल, त्याच्या पुढच्या कातीला त्याहून बरा. कसा येतो ते आपण दोघी मिळून बघू. आईच्या मोजमापांची वही मात्र मला आधी दे. चौथ्या कातीपर्यंतची नोंद आमच्या संग्रहालयातही कुणी इतकी नीट ठेवलेली नाही, आणि हे मी तिला तोंडावर सांगणार आहे.

मी दौऱ्यावर कितीदा गेले असेन, पण अठरा वर्षांच्या नोकरीत रजा अशी कधीच घेतली नव्हती. अर्ज कसा लिहितात तेही माहीत नव्हतं, काकांनी नमुना आणून दिला. साहेबांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि सही केली. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं: भावजयीने घरी बोलावलं आहे.

आत्या